पेटीबरोबर एक माणूस

जिंकणाऱ्या पॅनेलकडे फोटो जमतात, मागे पडलेल्या पॅनेलकडे किस्से. आमच्या अबुधाबीच्या मराठी मंडळाच्या निवडणुकीत अध्यक्षपदाला सावंतभाऊ, उपाध्यक्षपदाला नीलाताई आणि स्ट्रॅटेजीला मी. म्हणजे किस्से भरपूर!

तीन आठवडे उरलेले आणि आम्ही मागे. समोरच्यांचं वचन होतं लावणी नाइटचं. सावंतभाऊंचं एकच: लेबर कॅम्पमधला कुणी वारला, तर त्याची शवपेटी एकटी गावी जाणार नाही, मंडळाचा माणूस घरापर्यंत सोबत जाईल. भाऊंच्या सख्ख्या भावाची पेटी एकटीच गेली होती.

*

अल रीमच्या टॉवरमध्ये दारोदार हिंडलो. एका दारात सातेक वर्षांची मुलगी. भाऊंना बघून आत ओरडली, "मम्मा, द डेड बॉडी अंकल इज हिअर!" दाराची साखळी लागली.

"भाऊ, मतं मागताना मयत नका काढू," मी लिफ्टमध्ये म्हणालो.

"मग कधी काढू? मेल्यावर?"

*

रुवैसला रिफायनरीतल्या मेंबरांची सभा. शेवटी भाऊंनी विचारलं, "कोणाकोणाचं मत आम्हाला?" सगळे हात वर! मी खूश होऊन मोजले. एकतीस. चहा लागला होता सव्वीस कप. खुर्च्याही सव्वीसच.

"काहींनी दोन्ही हात वर केले असतील," नीलाताई म्हणाल्या.

मी पुन्हा मोजायला वळलो, तर ताईंनी माझी बाही धरली. "यल्ला, गाडीत बसा. आणि मागे बघू नका."

*

मग मी गुपचूप पत्रकातून ते वचन उडवलं आणि मिसळ महोत्सव घातला. प्रेसमधून आलेला खोका पायाशी ठेवून जबल अलीच्या मेंबरांना फोन लावत बसलो. एकाने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मत भाऊंनाच. पण आमचं वचन का काढलंत?"

"पत्रक कुणी दाखवलं तुम्हाला?"

"वाचतोय की!"

खोक्याची टेप अजून कापलेली नव्हती.

भाऊंना सगळं सांगितलं. त्यांनी खोका माझ्याकडे ढकलला. "मिसळ खलास. वचन पुन्हा छाप."

*

हरलो. चार मतांनी.

आठवड्याभरात कॅम्पमधला गुहागरचा एक वेल्डर वारला. नव्या कमिटीचं उत्तर, "बघू, इन्शाल्ला." भाऊंनी कंपनीत रजा मागितली, मिळाली नाही. पेटी एकटीच विमानात चढली, हे आम्ही दोघांनी कार्गोपाशी उभं राहून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ माझ्या दुकानात खाली मान घालून बसले होते. फोन वाजला. गावाकडून, वेल्डरची वहिनी. मी स्पीकरवर टाकला.

"मंडळच ना? फार उपकार झाले हो. तुमचा माणूस पेटीसोबत आला, शेवटपर्यंत खांदा दिलान. हा नंबर त्यानंच दिला."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "कोण माणूस, ताई?"

"नाव नाही सांगत. अंघोळीला पाणी तापवून दिलंय. तो विचारतोय, पुढची पेटी कुणाची?"