बेंजो वाजला की बोंबील

नीताने माझी नोकरी सोडली तेव्हा मी तिला सरळ विचारलं, "डोकं ठिकाणावर आहे ना?" नवीन पनवेलमध्ये माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे आणि ती माझी सगळ्यात चांगली इन्स्ट्रक्टर होती. म्हणे, आता कुत्र्यांना शिकवणार. तेही न मारता, न ओरडता, खाऊ देऊन! मी म्हटलं, "अगं, खाऊ दिला तर कुत्रा खाऊ खाईल. शिकेल कशाला?" ती हसली, गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि गेली. मला राग आला. अजूनही थोडा आहे, खोटं कशाला बोलू.

लक्षणं आधीपासून दिसत होती म्हणा. शिकाऊ माणूस चौकात गाडी बंद पाडतो तेव्हा मी ओरडतो. ओरडायलाच हवं, मागे बस उभी असते. नीता शेजारच्या सीटवर, आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून गप्प बसायची आणि त्याने क्लच नीट सोडला की तिथल्या तिथे "छान" म्हणायची. "घाबरलेला माणूस पायाखाली येईल ते दाबतो, सर," असं वर मलाच ऐकवायची. मग क्लासच्या एक बाई आपलं भित्रं कुत्रं मागच्या सीटवर घेऊन यायला लागल्या आणि ही त्याच्यात रमली. पुढे ऑनलाइन कोर्स झाला, रविवारी सोसायट्यांमधून फुकट शिकवण्या झाल्या आणि शेवटी राजीनामा.

तिला पहिलं मोठं काम मिळालं ते सुकापूरच्या काशिरामशेठकडे. काशिराम म्हणजे ज्याच्या जमिनीवर बिल्डिंगी उभ्या राहिल्या असा माणूस. त्याने हाक मारली की गल्लीच्या टोकापर्यंत माणसं वळून बघतात. त्याचा कुत्रा बुलेट. नाव बुलेट आणि ढोलाचा आवाज आला की पलंगाखाली! गणपतीत मिरवणूक दारात आली तेव्हा त्याने साखळी तोडली आणि बेंजोवाल्याच्या पोटरीला चावा घेतला. गावभर शोभा झाली. आता काशिरामच्या मुलाचं, हृतिकचं लग्न ठरलं होतं. त्यांच्याकडे हळद लग्नापेक्षा मोठी: सगळं गाव जेवायला आणि बेंजो कानाचे पडदे फाडणारा.

काशिरामने नीताला स्वच्छ सांगितलं, "हळदीपरत सुधारला तर ठेवू, नायतर करंज्याला बंदरावर सोडून येतो. तिकडं मासलीवर जगंल." त्याची बायको भामा हे ऐकून आत निघून गेली. बुलेटला बाटलीने दूध पाजून तिनेच वाढवला होता.

नीताची रीत एवढीच. मोबाइलवर बेंजोवरचं हळदीचं गाणं अगदी बारीक आवाजात लावायचं आणि लगेच मीठ धुऊन काढलेल्या सुक्या बोंबलाचे तुकडे द्यायचे. गाणं बंद की बोंबील बंद. कुत्र्याने कान पाडले की आवाज कमी करायचा. भामा रोज तेच करायची. काशिराम जाता-येता टोमणे मारायचा, "कुत्र्याला वरातीन नाचवता काय?" आवाज हळूहळू वाढत गेला. शेवटी शेवटी गाणं लागलं की बुलेट आपणहून समोर येऊन बसायचा.

हळदीच्या दिवशी सकाळी बेंजोवाले आले, सामान उतरवलं आणि एकाने सहज वाजवून बघितलं. बुलेट उठला आणि जोरात भुंकला. बोंबील मागत होता बिचारा! काशिरामला ते कळायला नको? त्याला गणपती आठवला. भामा पाहुण्यांच्या चहात होती. त्याने कुत्रा गाडीत घातला, करंज्याला सोडला आणि परत येऊन मांडवाचे खांब मोजत उभा राहिला.

भामाने नीताला फोन केला. रडत होती. "बुलेट नाय गं घरान. करंज्याला सोडून आले हे." नीताकडे नुसती स्कूटर, तिच्यावर कुत्रा आणणार कसा, म्हणून तिने मला फोन केला. माझे दोन विद्यार्थी खोळंबले होते. "तुझ्या कुत्र्यापायी मी धंदा बुडवू का?" असं म्हणतच मी गाडी काढली. पूर्ण रस्ता ही बाई शेजारी बसून सवयीने ब्रेकवर पाय ठेवून होती. मी दोनदा बोललो, काही उपयोग नाही.

करंज्यात मासळीचा लिलाव उरकला होता. बोंबील वाळत घालणारी सखूबाई नावाची म्हातारी म्हणाली, "त्यो काय, होडीखाली. पाव टाकला, नाय खाल्ला." दुरुस्तीला वर ओढलेल्या होडीखाली, अगदी आत, बुलेट अंग चोरून बसला होता. मी वाकलो आणि "बुलेट! ए बुलेट!" असा आवाज दिला. तो आणखी आत गेला.

"सर, तुम्ही जरा गप्प बसा," नीता म्हणाली. मला! माझ्याच गाडीतून आलेली!

तिने बोंबलाचा तुकडा टाकला. तो बंदरावरच्या कुत्र्यांनी पळवला. बुलेटने पाहिलंही नाही. जिथे पावलोपावली बोंबील वाळतोय तिथे बोंबलाचं कौतुक कुणाला? नीता खाली वाळूत बसली. मग एकदम म्हणाली, "गाडी इकडे घ्या. दारं उघडा. स्पीकरवर हे लावा. बारीक."

हळदीचं गाणं सुरू झालं. मला वाटलं, झालं, आता हा समुद्रात उडी मारणार. होडीखालून आधी नाक आलं. मग पोटावर सरपटत, थांबत, थांबत अख्खा बुलेट बाहेर आला आणि नीतासमोर येऊन नीट बसला. ज्या बेंजोला तो आयुष्यभर भ्याला, तोच ऐकून आला. गाणं संपेपर्यंत नीता त्याला तुकडे देत राहिली आणि रडत राहिली. मी समुद्राकडे बघत होतो. डोळ्यांत खारा वारा जातो तिथे.

संध्याकाळी आम्ही सुकापूरला पोचलो तेव्हा हळद भरात होती. बेंजो दणाणत होता. बुलेट गर्दीतून सरळ भामाकडे गेला आणि तिच्या पायाशी बसला. भामाने हळदीच्या हातांनीच त्याला कवटाळलं. कान पिवळे झाले त्याचे. काशिरामने बेंजोकडे बघितलं, कुत्र्याकडे बघितलं आणि खूश होऊन हाक मारली, "ये बुलेट! ये!"

बुलेट भामाच्या लुगड्यामागे गेला.

पाहुणे बघत होते. काशिरामचं तोंड उतरलं. "आता मी काय करू, मॅडम?" तो हळूच म्हणाला. एवढ्या हळू बोलताना मी त्याला पहिल्यांदा ऐकलं. नीताने त्याच्या तळहातावर बोंबलाचा तुकडा ठेवला. "खाली बसा, शेठ. हाक मारू नका. हात पुढे ठेवा. यायचं तेव्हा तो येईल."

नव्या पांढऱ्या कपड्यांत, गालाला हळद लावलेला काशिराम सगळ्या गावासमोर जमिनीवर बसला. बुलेट आला नाही. मी जेवून निघालो तेव्हाही तो तसाच हात पुढे करून बसला होता.