पार्वतम्माचा डावा तळहात

पार्वतम्मानं शुक्रवार पेठेत तीस वर्षं कडक भाकऱ्या थापून विकल्या. तिची भाकरी महिनाभर टिकायची, तिचा राग मात्र घटकाभर, असं गिऱ्हाइकं म्हणायची. पण दिवाळीपासून उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या आणि हळूहळू बोटं अशी बधिर झाली की परातीत भाकरी फाटली तरी तिला कळेना. मानेतली शीर दबली असावी, एमआरआय काढल्याशिवाय ऑपरेशन नाही, आणि उशीर झाला तर हात कायमचा गेला, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं.

एवढं ऐकूनही बाई दोनदा त्या यंत्रात गेली आणि दोन्ही वेळा हातातला रबरी फुगा दाबून बाहेर आली. घाबरलं तर दाबायला तो देतात. तिनं तर पाठ टेकताच दाबला होता.

आज तिसरी खेप. मुलगा विरेश बरोबर होता. यंत्रात धातू चालत नाही, पण गळ्यातलं इष्टलिंग, लिंगायतांचा अंगावरचा देव, चांदीच्या डबीसकट काढायला तिच्या जिवावर आलं. लग्नात, बाळंतपणात, तापात ते कधी अंगावेगळं झालं नव्हतं. विरेशनं धुतलेल्या हातात ते घेतलं.

"खाली ठेवू नगंस. आन् परत गळ्यात येईस्तोवर मला पानी बी दिऊ नगंस," ती म्हणाली.

"न्हाय ठेवत, अव्वा. तू जा."

यंत्रावरची मुलगी धम्मप्रिया वयानं लहान, पण धीराची. ती म्हणाली, "मावशी, भीती वाटली की मन कुठंतरी मागं पळतं. त्याला धरून हितं आणायचं. हाताला काय लागतंय, कानाला काय ऐकू येतंय, वास कसला येतोय, त्याचं मनात नाव घेत राहायचं."

"आन् डोळ्याला?"

"डोळे मिटूनच घ्या. आत बघण्यासारखं काय न्हाय."

मन कुठं पळतं, हे पार्वतम्माला पक्कं ठाऊक होतं. अक्कलकोटच्या पलीकडं तिचं माहेर. घरामागं पेव होतं, जमिनीखालचं धान्याचं खोल कोठार, तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं. आठ वर्षांच्या बारीक पारूला दोरानं आत सोडत. ती पाट्या भरायची आणि थोरला भाऊ वर ओढायचा. एकदा आत कंदील विझला. ती किंचाळली. भावानं आधी भरलेल्या दोन पाट्या वर घेतल्या आणि मग तिला. भाऊ जाऊन वर्षं झाली, पण त्या दोन पाट्यांचा राग तिच्या मनातून गेला नव्हता.

तोंडावर जाळी आली, फळी सरकली, आणि ती पुन्हा पेवात उतरली. श्वास कोंडला. डावी मूठ फुग्याभोवती आवळू लागली. तेवढ्यात यंत्र ठोके देऊ लागलं. कानाला काय? ठक ठक, ठक ठक. हा तर थापण्याचा ताल! पाठीला गार फळी, नाकाला स्पिरिटचा वास, आणि ठोक्यागणिक एक थाप. एक भाकरी झाली, दुसरी झाली. विसाव्या भाकरीला फळी बाहेर आली तेव्हा बाईचा चेहरा जग जिंकल्यासारखा होता.

धम्मप्रिया मात्र ओशाळून उभी होती. "मावशी, तुमचा उजवा हात थापल्यासारखा हलत होता. खांदा हलला, मान हलली. सगळे फोटो पुसट आलेत. परत घ्यायला लागतील."

पार्वतम्माला रडूच आलं. बधिर हातानं आयुष्यात पहिल्यांदा नको तेव्हा काम केलं होतं!

"अव्वा, आज ऱ्हाऊ दे का?" दारातून विरेशनं विचारलं. त्याच्या तळहातावर चांदीची डबी होती. हात अवघडला होता, पण त्यानं तो खाली घेतला नव्हता. रोज पहाटे ती स्वतः अशीच बसायची, लिंग डाव्या तळहातावर घेऊन, त्याच्यावर नजर लावून. तेवढा वेळ दारी दूधवाला ओरडला तरी तिची पापणी हलत नसे. आणि त्या हाताची मूठ ती कधीच वळत नसे.

"घाल आत," ती धम्मप्रियाला म्हणाली.

फुगा तिनं या वेळी मुठीत धरला नाही. डावा हात उताणा ठेवून तळहातावर घेतला. देवाच्या जागी रबर घेतलं म्हणून तिनं मनात क्षमा मागितली, पण तळहाताला वजनाची सवय होती. पेव आलं, अंधार आला, छातीत धडधडलं, घाम कानात उतरला. यंत्र थापा मागत राहिलं, तिनं एकही दिली नाही. तळहातावर वजन आहे का? आहे. अजून आहे? आहे. वीस मिनिटं ती एवढंच विचारत राहिली.

ती बाहेर आल्यावर विरेशनं तिच्या गळ्यात इष्टलिंगाचा दोरा घातला आणि मगच पाणी दिलं. सगळे फोटो स्वच्छ आले होते. धम्मप्रियानं तळहातावरचा फुगा उचलला. "मावशी, इतका वेळ कुठं होता हो मनानं?"

पार्वतम्मानं पाण्याचा पेला रिकामा केला.

"कुटं जातीय? हितंच होते की."