बव्हेरियाच्या रानात गार्डची निवड

रेगेन्सबर्गहून निघालो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि शहर जागेवर नव्हते. डोनाऊ नदीवरून उठलेल्या धुक्यात पूल, मनोरे, झाडे, सगळे विरघळले होते. आमची वीस वर्षांची जुनी जीप त्या पांढरेपणात शिरली आणि चाकांचा आवाजही मऊ झाला.

गाडी माझे जावई निनादराव चालवत होते. ते इथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. माझी मुलगी मधुरा रोज हीच जीप घेऊन जंगलातल्या रस्त्याने कामाला जाते. गेल्या हिवाळ्यात अशाच धुक्यात एक रानडुक्कर तिच्यासमोर आले. रेडिएटर फुटला, पोरगी वाचली. आता जीपच्या तोंडापुढे लोखंडी पाइपचा भक्कम गार्ड बसवायचा होता आणि तो निवडायला मला बरोबर घेतले होते. मी शिरोलीच्या एमआयडीसीत वेल्डरचा हेल्पर म्हणून लागलो आणि पुढे तिथेच स्वतःचे शेड उभे केले. लोखंडाच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये, असे माझे मत होते.

मनात एक सल मात्र होता. लग्नानंतर हे दोघे पुण्यात असताना त्यांच्या गाडीसाठी मी स्वतःच्या हाताने गार्ड करून दिला होता. तीन महिन्यांत निनादरावांनी तो उतरवून पार्किंगच्या कोपऱ्यात उभा केला. मला एका शब्दाने विचारले नाही. चार वर्षे मी त्यावर बोललो नव्हतो, पण विसरलोही नव्हतो.

बायरिशर वाल्ड (बव्हेरियाचे जंगल) सुरू झाले तसे धुके फाटू लागले. मधूनच एखादी टेकडी वर यायची, तिच्यावर चार गाई, एक लाल छप्पर, आणि पुन्हा काही नाही. पाइनच्या ओल्या वासाने मला गुंगी येत होती. भांडायची तयारी करून निघालेल्या माणसाला असला निसर्ग बरा नव्हे.

गाव दहा-बारा घरांचे होते. योझेफ नावाच्या म्हाताऱ्याने जुन्या गोठ्यात जीपच्या सुट्या भागांचे दुकान मांडले होते. जिथे गाई बांधत तिथे आता गार्ड टांगले होते. उंच खिडकीतून येणाऱ्या उजेडात ते एखाद्या जनावराच्या बरगड्यांसारखे दिसत होते. मी प्रत्येकावर बोटांची पेरे वाजवत फिरलो. एक बसका, जाड पाइपचा, घंटेसारखा वाजला.

"हा," मी म्हणालो. "रेडा आला तरी वाकणार नाही."

निनादरावांनी योझेफला विचारले आणि मान हलवली. "बाबा, याला गुटाखटेन नाही. म्हणजे तपासणीचा दाखला. त्याशिवाय गाडीच्या कागदांवर नोंद होत नाही आणि नोंद नसेल तर रस्त्यावर काढता येत नाही. तो शेजारचा बघा, त्याला आहे."

शेजारचा बारीक होता, आणि वर महाग.

"कागदानं डुक्कर थांबतं का?"

"आल्झो (म्हणजे), तसं नाही बाबा..."

"तुम्हाला माझं लोखंड तेव्हाही चाललं नव्हतं, आताही चालत नाही. बोला की सरळ."

ते त्या बारीक गार्डपाशीच उभे राहिले. मी योझेफला बारीक गार्डचा भाव निम्मा करून सांगितला. त्याने छापलेल्या भावावर बोट ठेवले. मी थोडा चढलो. त्याने पुन्हा तिथेच बोट ठेवले. मग मी आयुष्यभर चाललेले हत्यार काढले. हात झटकले आणि तडक बाहेर पडलो. आपल्याकडे दुकानदार सातव्या पावलाला हाक मारतो. मी वीस पावले गेलो. मागे फक्त दार लागल्याचा आवाज आला.

वळून पाहिले तर दारावर पाटी आणि पाटीखाली निनादराव, ओठ दाबून हसू आवरत.

"मिटाग्सपाउझं. जेवणाची सुट्टी. दोन वाजता उघडेल."

"हाक नाही मारली त्यानं?"

"तुम्ही जातो म्हणालात, त्याला वाटलं तुम्ही गेलात."

दोन तास काढायचे होते. गोठ्यामागे एक तळे होते. त्यातले आकाश वरच्या आकाशापेक्षा स्वच्छ होते. काठावरच्या बाकावर योझेफ जेवत बसला होता. त्याने आम्हाला सरकून जागा दिली आणि काळा पाव, चीज आणि मिठातल्या मुळ्याच्या चकत्या पुढे केल्या. दुकानातला माणूस आणि हा माणूस एकच असेल असे वाटेना. मुळा तिखट होता. कुठेतरी गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती आणि मला दोन घासांमध्ये चक्क डुलकी आली.

जाग आली तेव्हा योझेफ स्वतःच्या गाडीपाशी उभा होता. त्याने मला बोलावले आणि वाकून गार्ड चेसिसला जोडणारी मागची पट्टी दाखवली. ती नवी होती. मग खिशातून जुनी काढली, अकॉर्डियनच्या भात्यासारखी चुरगळलेली. तो हळूहळू बोलत गेला, निनादराव सांगत गेले.

"गेल्या वर्षी यांच्या गाडीला हरीण धडकलं. गाडी यांची बायको चालवत होती. गार्ड मजबूत, पण ही पट्टी मुद्दाम नरम केलेली असते. धक्का हिने खाल्ला म्हणून त्या वाचल्या. हिने नाही खाल्ला तर तो चेसिसमधून आत बसलेल्या माणसापर्यंत जातो."

ती पट्टी माझ्या तळहातावर हलकी होती. मी तीस वर्षे न वाकणारे गार्ड केले. माझ्या गार्डने न खाल्लेला धक्का पुढे कुठे जातो, हे मी कधी विचारले नव्हते.

"पुण्याचा गार्ड यासाठी काढलात?"

"गेनाऊ (अगदी तेच). त्याची पट्टी तुम्ही दहा एमएमची घातली होती, अजिबात न वाकणारी, बाबा."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला? वेल्डिंगबद्दल?" ते तळ्याकडे बघत म्हणाले. "मधुरा म्हणाली, तू काढ, बाबांशी मी बोलते. मग तिचंही धाडस झालं नाही."

माझा राग टाळायला घरात इतकी व्यवस्था लावलेली असते, हे मला माहीत नव्हते. पोरगी माझ्यापुढे गप्प बसली आणि तेवढ्या काळात मी मनात जावयाशी भांडत राहिलो.

दोनला दार उघडले. मी छापलेला भाव मोजला आणि दाखला नीट घडी घालून निनादरावांच्या हातात दिला. परतीच्या वाटेवर ऊन कलले होते, शेतांवर पुन्हा पातळ धुके उतरत होते, आणि मी निनादरावांना त्या नरम पट्टीची जाडी विचारत होतो.

पुढच्या महिन्यात मी शिरोलीला परतलो. पहिल्याच आठवड्यात ओळखीचा एक ठेकेदार आला. म्हणाला, "अण्णा, गार्डवरची सरकारी बंदी-बिंदी सोडा. ट्रक अंगावर आला तरी वाकणार नाही असला गार्ड करून द्या."

एरवी मी आधी भाव काढला असता. या वेळी विचारले, "गाडीत कोण कोण बसतं?"

"मी, बायको, दोन पोरी."

मी उचललेला पाइप परत रॅकवर ठेवला आणि त्याला बसायला खुर्ची दिली.