बांगड्या भरलेल्या हातानं नाणं लपतं का?

मंडळी, आरशासमोर जमलेली जादू लोकांत चालेल का, याचा निकाल आज लागला.

दुपारी बिडकीनला मामेबहिणीचा चुडा भरायचा कार्यक्रम होता. कासारानं आम्हा सगळ्या बायकांना हिरव्या बांगड्या भरल्या. मग फर्माईश आली, "जादू दाखव!"

मी नाणं उजव्या हातातून डाव्यात दिल्यासारखं केलं आणि डावी मूठ उघडली. रिकामी! सगळ्या खूश.

मामी मात्र म्हणाल्या, "उजव्याच हातात हाय. लपवताना त्याच बांगड्या वाजल्या की!"

पकडली गेले. घरी सराव मोकळ्या हातांनी केला होता ना! आणि लग्नघरात बांगड्या उतरवायचं नावही काढता येत नाय.

म्हटलं, परत बघा. या वेळी उजवं मनगट मांडीवर दाबून ठेवलं आणि डावा हात मुद्दाम खळखळवला.

मामी लगेच, "आता डाव्यात गेलं!"

डावी मूठ रिकामी. मामींनी माझा हात धरून उलटासुलटा करून बघितला.

व्हिडिओत जादू शिकवणारे सगळे कोटाच्या बाहीतले. आपल्या हातांसाठी जादू कोण शिकवतं, माहीत असेल तर सांगा. तोवर माझं चाललंय बरं. बांगड्या आता माझ्या बाजूनं खोटं बोलतात.