कानामागची मोहरी

आत्या गेल्याची बातमी भोरहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं, मी शिकवते त्या कामथडीच्या शाळेत आणून दिली. मुलं पाढे म्हणत होती, आणि माझा हात आपसूक कानाकडे गेला. आता महिना उलटून गेलाय, तरी हात तिकडेच जातो…

लहानपणी मी म्हणजे कानात वारं भरलेलं वासरू. विंझरच्या शाळेत पाटी मांडीवर आणि जीव तोरण्यावरच्या ढगांत. गुरुजींनी कान पिळून पिळून लाल केला आणि शेवटी वडलांना सांगितलं, पोर शिकायची नाही. वडलांनी ठरवलं, दिवाळीनंतर हिला म्हशींमागं धाडायची. मला शाळा हवी होती हो, फक्त बसता येत नव्हतं!

आत्या, म्हणजे वडलांची धाकटी बहीण, भोरला एका दवाखान्यात कामाला होती. तिथले डॉक्टर कानाला बारीक सुया टोचून उपचार करत. चंचल पोरांना मात्र सुईऐवजी मोहरीचा दाणा चिकटपट्टीनं लावत आणि तो दाबत राहायला सांगत. ही नुसती जोड आहे, अभ्यास करून घ्यावाच लागेल, असंही बजावत. आत्या वडलांना म्हणाली, "दादा, दिवाळीपतूर हिचा कान माज्याकडं द्या," आणि मला आपल्या खोलीवर घेऊन गेली.

डॉक्टरांनी दाणा लावला. रोज संध्याकाळी आत्या मला भिंतीशी बसवायची, दोन बोटांत कान धरायची आणि मी वाचायचे. शेगडीचा धूर, नीरेवरून येणारा गार वारा, तिच्या बोटांना स्पिरिटचा वास… अक्षरं कानातूनच आत येतायत असं वाटायचं. मन उधळलं की बोट जरा दाबलं जायचं, एवढंच. दिवाळीला वडील आले. मी अख्खा धडा एकदाही न उठता वाचून दाखवला. त्यांनी पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "म्हशी म्या बगतो."

शेवटच्या भेटीत मी तिला विचारलं, माझ्या वर्गात अशीच एक पोर आहे, मोहरी लावायची नेमकी जागा दाखव. आत्या हसली.

"जागा मला कुठं ठावं गं? दाणा तर दुसऱ्याच दिशी पडला व्हता. तू पळू नये म्हनून धरून बसले."

मला रडूच कोसळलं.

परवा तिची खोली आवरायला गेले. भिंतीवर माझ्या डोक्याच्या तेलाचा डाग अजून आहे. त्याला टेकून जरा बसले… अंधार पडला, भांडी तशीच राहिली, शेवटची एसटीही गेली. मला उठवेना.