नाव नंतर कळवू

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ चौथीपर्यंत जेवढं शिकवलं तेवढंच, आणि त्यातलंही निम्मं विसरले. जोडाक्षर आलं की हात अडतो. जो कोणी वाचेल त्याने सांभाळून घ्यावं. तसं वाचणारं कोण आहे म्हणा. मुलाला वेळ नाही, नातीला मराठी वाचता येत नाही, आणि ज्यांना मी वाचून दाखवलं असतं ते समोर खुर्चीत डोळे मिटून बसले आहेत. तरी लिहिते, कारण हे बोलायला गेलं तर लोक हसतील. बेसबॉलच्या एका टीमने आपला एक खेळाडू दुसऱ्या टीमला देऊन टाकला म्हणून नागपूरची म्हातारी ओहायोत जेवेना, हे कुणी मला सांगितलं असतं तर मीही हसले असते.

आम्ही दोघं इथे अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला मुलाकडे राहतो. हे नागपूरला वायरमन होते. दिवसभर खांबावर आणि रविवारी कॉलनीच्या टीममध्ये विकेटकीपर. इथे आल्यावर यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. बोलणं शिकवायला एक मुलगी यायची, चित्रांची कार्डं घेऊन. कप, पलंग, संडास. ज्याची गरज त्याच्यावर बोट ठेवायचं. हे डाव्या हाताने सगळी कार्डं खाली लोटून द्यायचे. ती बिचारी हसत हसत गोळा करायची.

बेसबॉल घरात आणला नातीने. ती शाळेत सॉफ्टबॉल खेळते आणि घरी बेसबॉल बघते. खेळ कळायला अवघड नाही. एक जण चेंडू फेकतो, तो पिचर, एक जण दांडक्याने मारतो, आणि मारणाऱ्याच्या मागे एक जण उकिडवा बसून झेलतो. त्याला कॅचर म्हणतात. यांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं आणि छातीवर पडलेली मान वर उचलली.

कॅमेरा फेकणाऱ्याच्या पाठीमागून असतो, त्यामुळे कॅचर आपल्याकडेच तोंड करून बसल्यासारखा दिसतो. तो मांड्यांच्या मधे बोटं खाली धरून फेकणाऱ्याला खुणा करतो, कोणता चेंडू टाक ते. आता बाकीचे सगळे कॅचर यंत्राची बटणं दाबतात, फेकणाऱ्याच्या टोपीत आवाज जातो. आमच्या टीमचा हा मात्र जुना माणूस. बटणही दाबायचा आणि सवयीने बोटंही दाखवायचा.

एका संध्याकाळी त्याने एक बोट खाली धरलं, आणि यांनी पांघरुणावर डाव्या हाताचं एक बोट ठेवलं. मी तेव्हा चहा घेऊन उभी होते. मी चहा दिला, यांनी घेतला. दुसऱ्या दिवशी मॅच सुरू झाली, पुन्हा एक बोट. मी पळत जाऊन आधण ठेवलं. मग दोन बोटं म्हणजे बाथरूम, तीन म्हणजे पडदा ओढ, मूठ म्हणजे नको. ही भाषा आम्ही ठरवली नाही, ती होत गेली. नात त्या खेळाडूला ‘आबांचा कीपर’ म्हणायला लागली, आणि घरात त्याचं तेच नाव पडलं.

ऑक्टोबरात आमची टीम हरली, मॅच संपल्या, आणि यांची बोटंही थांबली. मला वाटलं पुन्हा झटका आला. डॉक्टर म्हणाले तसं काही नाही. मुलाने जुन्या मॅच लावून दिल्या, यांनी मान फिरवली. क्रिकेटचंही जुनं काही ते कधी पाहायचे नाहीत. निकाल माहीत असलेला खेळ कसला, म्हणायचे. सबंध हिवाळा मी अंदाजाने चहा दिला, अंदाजाने पडदे ओढले. एप्रिलमध्ये कीपर परत आला आणि पहिल्याच दिवशी एक बोट. मी चहात साखर दोनदा टाकली त्या दिवशी.

म्हणून मागच्या हिवाळ्यात मला एकच काळजी होती, एप्रिलमध्ये हा माणूस आमच्याकडे असेल की नाही.

हिवाळ्यात खेळ नसतो, पण बाजार तेव्हाच भरतो. कोण कोणाला देतंय, कोण काय मागतंय. नात शाळेतून आली की दप्तर टाकून फोन उघडायची आणि मला सांगायची. मी भाजी निवडत ऐकायची. मला इंग्रजी येत नाही, पण एवढ्या वर्षांत टीमची माणसं मी ओळखायला लागले होते, आणि माझी स्वतःची मतं झाली होती. ती मी कुणाला सांगत नाही, इथे लिहिते. आमच्या मालकाचा हात आखडता आहे. पहिल्या बेसवरचा तो आडदांड गडी वर्षभर हवेत दांडकं फिरवतो, त्याला द्यायचा होता. डावखुऱ्या पिचरचा खांदा दुखतो हे माझ्यासारखीला दिसतं, त्याला द्यायचा होता. ते ठेवले. आणि दरवर्षी म्हणायचं, आमची खालच्या टीममधली पोरं तयार होतायत, दोन वर्षं थांबा. उद्याच्या पोरांसाठी आजची माणसं वाटून टाकायची, आणि ती पोरं मोठी झाली की त्यांनाही परवाच्या पोरांसाठी वाटून टाकायची. मग बघणाऱ्याने बघायचं काय?

कीपरची बॅटिंग वाईट होती, ते मी नाकारत नाही. गुडघेही गेले होते. पण पिचर घाबरला की हा उठून चालत जायचा, त्याच्या छातीवर हातमोजा टेकवून काहीतरी बोलायचा, आणि तो पोरगा सुधारायचा. हे कुठल्या आकड्यात धरतात मला माहीत नाही. त्याला दुसरा कॅचर म्हणून ठेवता आला असता. आठवड्यातून दोनदा खेळला असता तरी आमचं भागलं असतं.

डिसेंबरात एक दिवस नात दप्तर न टाकता आली.

“आज्जी, सॉरी. दे ट्रेडेड हिम.”

“कोणाला?”

“आबांच्या कीपरला. वेस्ट कोस्ट.”

“बदल्यात कोण आलं?”

ती फोनकडे बघून थांबली. “अ प्लेअर टु बी नेम्ड लेटर.”

मला वाटलं तिला मराठीत नीट सांगता येत नाही. रात्री जेवताना मुलाला विचारलं. तो म्हणाला, “बरोबर सांगितलं तिने. एक खेळाडू देणार, पण कोण ते नंतर कळवू, असंच असतं ते. रूल आहे तसा.”

“म्हणजे आपला माणूस गेला, आणि कोणासाठी गेला ते त्यांनाही माहीत नाही?”

“असंच समज.”

“टीमला फोन करता येतो का रे? आपण तिकीट काढून दोनदा गेलो होतो.”

तो हसला, पण वाईट हसला नाही. “आई, मला काढू नका म्हणून मी माझ्या मॅनेजरला फोन करू शकत नाही. आणि तू बेसबॉल टीमला फोन करणार?”

त्याच्या ऑफिसात तेव्हा माणसं कमी करत होते. सून मला डोळ्यांनी म्हणाली, पुरे. मी पुरे केलं.

संक्रांतीला मुलाचे मित्र आले. हॉलमध्ये पुरुषमंडळींचा तोच विषय.

“मस्त ट्रेड आहे यार. छत्तीस वर्षांचा कॅचर, त्याला कोण पैसे देणार?”

“आणि आपला नवीन कॅचर काय मारतो! पंधरा दिवसांत लोक विसरतील त्या म्हाताऱ्याला.”

“आज्जी नाही विसरणार,” नात मधेच म्हणाली. सगळे माझ्याकडे वळले.

“काय सांगता काकू! तुम्ही बेसबॉल बघता?” पुण्याचा तो उंच मुलगा मोठ्याने म्हणाला. “मग सांगा, बरोबर केलं की चूक?”

माझ्या हातात तिळाच्या लाडवांचं ताट होतं. सांगण्यासारखं खूप होतं. मी म्हणाले, “लाडू घ्या.” सगळे हसले. “काकू पॉलिटिक्समध्ये पाहिजेत!” असं कोणीतरी म्हणालं. मी स्वयंपाकघरात येऊन नळ सोडून उभी राहिले. तो मुलगा खेळाच्या हिशेबाने चुकीचा नव्हता, हेच मला जड जात होतं. टीव्हीसमोरच्या आमच्या खुर्चीला त्या हिशेबात जागा नव्हती.

एकदा दुपारी घरात कोणी नसताना मी यांच्यासमोर उकिडवी बसले. पदर खोचला, दोन्ही गुडघे कटकन वाजले, आणि एक बोट खाली धरलं. यांनी माझ्याकडे पाहिलं, जसं बसस्टँडवर काहीतरी मागणाऱ्या अनोळखी बाईकडे पाहतात तसं, आणि मग खिडकीकडे. मला सोफ्याला धरून उठावं लागलं. नातीनेही आपला सॉफ्टबॉलचा जाळीचा मुखवटा घालून करून पाहिलं. तिच्या डोक्यावरून यांनी हात फिरवला. बोट नाही.

मग मुलाने शोधून काढलं की त्या लांबच्या टीमच्या सगळ्या मॅच दाखवणारं पॅकेज विकत मिळतं. तिकडच्या मॅच आपल्याकडे रात्री उशिरा, हे त्या वेळी झोपलेले असतात, पण काही दुपारीही असतात. मी म्हटलं, घे, पण पैसे माझे. “आई, काय पैशाचं घेऊन बसलीस?” मी ऐकलं नाही. दिवाळीची, वाढदिवसाची पाकिटं मी डाळीच्या डब्यामागे ठेवते. ते सगळं त्याच्या हातात दिलं. माझ्याने होण्यासारखं एवढंच होतं, म्हणून ते मला करायचं होतं.

मार्चमध्ये ॲरिझोनातून सराव सामने सुरू झाले. एक शनिवारी दुपारी होता. आम्ही सगळे बसलो. कीपर आला, पण नव्या रंगाच्या कपड्यात. यांनी ओळखलं नाही. नातीने माझा हात घट्ट धरला. मग तो बसला. खाली बसताना एक खांदा थोडा पुढे करायची त्याची जुनी तऱ्हा, तशीच. बोटं खाली गेली. पांघरुणावर यांचं बोट हललं, आणि एक बोट सरळ झालं.

“चहा!” नात ओरडली. “आज्जी, चहा!”

मी धावले. दूध उतू गेलं, जाऊ दिलं. कप घेऊन आले तोवर कीपरच्या जागी दुसराच कोणी बसला होता. सराव सामन्यात असंच करतात, अर्ध्यात माणसं बदलतात. यांचा हात पांघरुणाखाली गेला होता. चहा मीच पाजला. पण बोट उठलं होतं, आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. त्या रात्री सून म्हणाली, “आई, होईल हो.” मलाही तसंच वाटलं.

महिना संपता संपता टीमच्या पक्क्या याद्या लागतात. रोस्टर म्हणतात त्याला. नवीन टीमने त्याला यादीत घेतलं नाही. दुसरीकडे दिलंही नाही, नुसतं सोडून दिलं. नातीने वाचून दाखवलं तेव्हा मी विचारलं, “मग दुसरं कोणी घेईल ना?”

“मे बी.”

“विचार की.”

“कोणाला विचारू, आज्जी?”

तरी ती रोज बघत राहिली. कुठल्या टीमचा कॅचर दुखावला म्हणून बातमी आली की मला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून वाईट वाटायचं. कोणीही बोलावलं नाही. त्याच आठवड्यात आमच्या टीमला द्यायच्या खेळाडूचं नाव जाहीर झालं. एकोणीस वर्षांचा पोरगा, खालच्या टीममध्ये कुठेतरी खेळणारा. नातीने त्याचा फोटो दाखवला. कान मोठे, नुकते केस कापलेले. ज्याच्यासाठी आमचा माणूस गेला तो हा. त्याच्यावर रागवायचं मी मनात ठेवलं होतं, पण रागवता आलं नाही.

एप्रिलमध्ये आमच्या टीमची पहिली मॅच आम्ही लावली. नवा कॅचर मनगटावर बटणं दाबत होता, बोटं कुठेच नाहीत. यांनी बराच वेळ बघितलं. मी मधेमधे हाताकडे बघत होते. खरं तर मी मॅच बघितलीच नाही, हातच बघितला.

पॅकेजचं काय करायचं म्हणून मुलाने कंपनीला लिहिलं. ते म्हणाले, खेळाडू गेला हे पैसे परत करायचं कारण होत नाही. तो पुन्हा लिहीत बसला. मग ते म्हणाले थोडे देतो. मुलगा म्हणाला, सगळे द्या. ऑफिसातून आला की जेवायच्या आधी लॅपटॉप उघडून बसायचा, एकदा फोनवर आवाज चढवला. एवढ्या पैशासाठी तो कधी भांडलेला मी पाहिला नव्हता. “सोड रे,” मी म्हटलं. “नाही सोडणार,” तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता पुन्हा टाइप करायला लागला. त्याला कुठेतरी कोणाशी तरी भांडायचं होतं, आणि तेवढी एकच जागा त्याला सापडली असावी.

काल तो बँकेतून नोटा घेऊन आला. ओट्यावर माझ्यासमोर ठेवल्या.

“घे आई. पूर्ण मिळाले. एक डॉलर सोडला नाही त्यांना.”

तो खूश होता, म्हणून मीही हसले. नोटा यांना नेऊन दाखवल्या. म्हटलं, हे बघा, आले सगळे परत. यांनी नोटांकडे पाहिलं, मग बंद टीव्हीकडे. चार वाजले होते. मी पैसे डाळीच्या डब्यामागे ठेवले आणि विचारल्याशिवायच चहाचं आधण ठेवलं.