नावाआधी कान

फोन गडहिंग्लजहून आला. दुपारची वेळ, मी चपात्या लाटत होते. आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नणंद शैलजा, तिथल्या दवाखान्यात तान्ह्या मुलांचे कान तपासता तपासता खुर्चीतच गेल्या... महिना होत आला. भेटायला आलेल्या बायका मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी बसून "बिचारी, ना लग्न ना मूल" असं हळहळून गेल्या. मी चहा दिला, पण तो शब्द काही गिळला नाही. वन्सं कुठल्याच बाजूनं बिचाऱ्या नव्हत्या. म्हणून हे लिहायला बसले.

पंचवीसेक वर्षांपूर्वी माझ्या लेकीचं, रेवाचं बारसं होतं. घर बायकांनी भरलेलं, पाळणा सजलेला. बाळाच्या कानात नाव सांगून 'कुर्र' म्हणायचा मान आत्याचा, म्हणजे वन्संचा. त्या वाकल्या आणि पिशवीतून हातात मावेल असं यंत्र काढून त्याचं रबरी टोक बाळाच्या कानात बसवलं. "गप बसा जरा!" असा दम भरला की पाळणा म्हणणाऱ्या बायका अर्ध्या ओळीत थांबल्या. सासूबाई भडकल्या. "पाळण्यात अपशकुन करतीस व्हय गं? नाव सांग आधी!" वन्सं मान वर न करता म्हणाल्या, "सांगतो की, आई. पण आत ऐकाय कोण हाय का न्हाय, ते आधी बघतो." सासूबाई बाळाला उचलायला पुढं झाल्या, तेव्हा मीच आडवी उभी राहिले. यंत्राला उत्तर आलं नाही. ना डाव्या कानातून, ना उजव्या.

कान उत्तर देतो म्हणजे काय, हे त्यांनी पाहुणे गेल्यावर मला पाळण्याशी बसवून सांगितलं. "कान नुसता ऐकून घेत न्हाय, वैनी. आत शंखागत वळणात पाणी असतंय, त्यात बारीक केसांच्या पेशी. आवाजानं पाणी हाललं की केस वाकत्यात आणि त्याची वीज हून मेंदूकडं जाती. पण बारीक आवाजात एवढा दम कुठला? म्हणून बाहेरच्या रांगंतल्या पेशी सोता आखडत्यात, लांबत्यात, आवाजाच्याच तालात." त्यांनी दोरी धरली आणि पाळणा परत येईल तसा नेमका बोटभर धक्का देत राहिल्या. बघता बघता तो चांगला हेलकावू लागला. "असं. त्या जोरातला थोडा आवाज उलटा भाईर येतो, त्यो हे मशीन धरतंय. न्हाय आला म्हंजे लगीच भैरी न्हवं, कानात घाण-पाणीबी असंल. पण परत बघायचं. सोडायचं न्हाय."

परत बघितलं, मग मोठी तपासणी झाली. त्या पेशीच कामाच्या नव्हत्या, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. घरात सगळ्यांचं एकच पालुपद, "हिचा बापबी उशिराच बोललेला." वन्सं ऐकतात होय! "बापाचं ऱ्हाऊ द्या. हिचं दिवस वाया चाललेत." रेवा रांगायच्या आधी तिच्या कानांना मशिनं लागली. ती नुसता आवाज वाढवतात, पेशींची सर त्यांना येत नाही, हेही वन्संनी लपवलं नाही. बाकीची भर आपण बोलून बोलून घालायची, म्हणाल्या, आणि तेव्हा इथंच नोकरीला असल्यानं रोज येऊन तास तास बोलत बसल्या. रेवाचा पहिला शब्द 'आई' नव्हता. 'गप' होता! त्याचा राग मला अजून आहे.

रेवा आज कागलच्या एमआयडीसीत इंजिनिअर आहे, आणि आता तीही आत्या झाली. माझ्या मुलाच्या बाळाचं सुतकामुळं लांबलेलं बारसं परवा झालं. "घरात दुःख आहे, साधंच करा," असं सांगणाऱ्यांना मी हो म्हणाले आणि पाळणा दणक्यात सजवला. रेवा नाव सांगायला वाकली, पण हात पिशवीकडं गेला. वन्संच्या कपड्यांबरोबर गडहिंग्लजहून परत आलेली तीच पिशवी. मागून कुणीतरी म्हणालं, "सांगून टाक की नाव. मशीन लावणारी गेली आता." तशा खुर्चीत बसलेल्या, नव्वदीला टेकलेल्या सासूबाई कडाडल्या, "गेली ती माझी लेक. मशीन हाय की घरात! आधी कान बघ, मग नाव."

रेवानं रबरी टोक पुसलं, भाच्याच्या कानात हलकेच बसवलं आणि पाळणा म्हणणाऱ्या बायकांकडं वळून ओरडली, "गप बसा जरा!"

तोच आवाज, तोच ठसका... सगळं घर गप्प झालं, आणि माझ्या नातवाच्या कानानं उत्तर दिलं.